विश्लेषण : अकराशे जनुके निकामी, तरी हजारो वर्षे टिकून! कुष्ठरोगाच्या जिवाणूचा जनुकसंच काय सांगतो?

धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे खानदेशातील तिन्ही जिल्हे राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांमध्ये गणले जातात. शोधमोहीम सुरू झाली, की आशाताई आणि त्यांच्यासोबतचा पुरुष स्वयंसेवक घरोघरी जातात. काही मोहिमांत क्षयरोग आणि कुष्ठरोग या दोन्हींचा शोध एकत्रच घेतला जातो. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा आहे का?’ हा दुसरा. दोन आजारांचे दोन प्रश्न एकाच दारात विचारले जातात. हे दोन्ही आजार घडवणारे जिवाणू एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. मात्र त्यांतील एकाचा जनुकसंच धडधाकट आहे, तर दुसऱ्याचा निम्म्याहून अधिक मोडकळीस आलेला. कुष्ठरोग इतका संथ का असतो, तो मज्जातंतूच का गाठतो आणि औषधे हाताशी असूनही तो अजून का संपलेला नाही, यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे या मोडकळीत दडलेली आहेत.

हा जिवाणू अभ्यासायला एवढा अवघड का?

नॉर्वेतील डॉक्टर गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये बर्गन येथे रुग्णांच्या गाठींमध्ये कांडीच्या आकाराचे जिवाणू पाहिले. हाच ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’. माणसाच्या आजाराशी जोडल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या जिवाणूंपैकी तो एक. क्षयरोगाचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये. पण कॉख यांना आपला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. हॅन्सन यांना ते जमले नाही आणि आजतागायत ते कोणालाही जमलेले नाही.

एरवी प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणे हे दुधाला विरजण लावण्यासारखे असते. योग्य अन्न आणि योग्य ऊब दिली, की एकाचे लाखो होतात. आपल्या आतड्यातला ‘ई. कोलाय’ चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयरोगाच्या जिवाणूला त्यासाठी सुमारे एक दिवस लागतो. कुष्ठरोगाचा जिवाणू मात्र १२ ते १४ दिवसांत एकदाच दुभंगतो आणि तोही फक्त जिवंत प्राण्याच्या पेशीत. १९६० मध्ये अमेरिकेत उंदराच्या तळपायात तो थोडाफार वाढवता येतो हे सिद्ध झाले. १९७१ मध्ये आर्माडिलो या खवलेधारी प्राण्याच्या शरीरात तो मोठ्या संख्येने वाढतो हे दिसून आले, कारण या प्राण्याचे शरीर माणसापेक्षा थंड, साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असते.

एखादे औषध या जिवाणूवर चालते का, हे पाहण्यासाठी उंदराच्या तळपायाचा प्रयोग करायचा तर सहा महिने ते वर्ष जाते. रुग्ण तेवढा वेळ थांबू शकत नाही. त्यामुळे जो जिवाणू वाढवता येत नाही, त्याचा जनुकसंच वाचणे हाच त्याला ओळखण्याचा मुख्य मार्ग ठरला.

जनुकसंच वाचतात म्हणजे नेमके काय करतात?

जिवाणूचे सर्व कामकाज डीएनएच्या एका लांबलचक रेणूत लिहिलेले असते. त्यासाठी चारच रासायनिक अक्षरे वापरली जातात. या अक्षरांचा क्रम लावणे म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण, प्रयोगशाळेच्या भाषेत सिक्वेन्सिंग. एका संपूर्ण स्वतंत्र जिवाणूचा क्रम पहिल्यांदा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८ लाख अक्षरे होती.

अख्खा डीएनए यंत्रात एका दमात वाचला जात नाही. आधी त्याचे असंख्य तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वाचतात आणि मग एकमेकांवर चढणारे भाग जुळवून संगणकाच्या मदतीने मूळ मजकूर उभा करतात. एकाच पोथीच्या शंभर प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाडल्या आणि सगळे तुकडे एका पोत्यात भरले, तरी एका तुकड्याच्या शेवटच्या ओळी दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळवत पोथी पुन्हा लावता येईल. तत्त्व तेच आहे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. रुग्णाच्या त्वचेचा नमुना घेतला, तर त्यात जिवाणूच्या डीएनएपेक्षा माणसाचाच डीएनए कितीतरी जास्त असतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे, जिवाणूच्या जनुकसंचात ३३ लाखांच्या आत. पहिल्या क्रमासाठी तमिळनाडूतील रुग्णाकडून मिळालेला जिवाणू आर्माडिलोमध्ये वाढवण्यात आला. म्हणूनच जगभरात संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या या वाणाचे नाव ‘टीएन’ आहे. पॅरिसची पाश्चर संस्था आणि इंग्लंडचे सँगर केंद्र यांनी मिळून त्याचा पूर्ण क्रम फेब्रुवारी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आता तंत्र पुढे गेले आहे. जिवाणूच्या डीएनएला नेमके चिकटणारे तुकडे गळासारखे वापरून तो नमुन्यातून वेगळा काढता येतो आणि थेट रुग्णाच्या त्वचेतूनही जनुकसंच वाचता येतो.

क्रम वाचल्यावर काय आढळले?

तुलनेसाठी क्षयरोगाचा जिवाणू तयारच होता. त्याचा जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास ४ हजार जनुके, त्यांतील बहुतेक सर्व चालू स्थितीत. कुष्ठरोगाच्या जिवाणूत मात्र सुमारे ३२ लाख ६८ हजार अक्षरे आणि प्रथिन बनवणारी अवघी १,६०४ चालू जनुके आढळली. याशिवाय तब्बल १,११६ जनुकांचे फक्त अवशेष होते. क्षयरोगाच्या जिवाणूतील जनुकांशी ती जुळतात, पण मध्येच एखादे अक्षर गळालेले, कुठे भलतेच घुसलेले, त्यामुळे त्यांतून प्रथिन तयार होत नाही. अशा जनुकांना छद्मजनुके म्हणतात. जनुकसंचाचा निम्म्यापेक्षा कमी भाग आज कामाचा उरला आहे.

अर्थ असा, की दोघांच्या समान पूर्वजाकडे मोठा संसार होता. क्षयरोगाच्या जिवाणूने तो बऱ्यापैकी सांभाळला. कुष्ठरोगाच्या जिवाणूची दोन हजारांहून अधिक जनुके एक तर पूर्ण नाहीशी झाली किंवा जागच्या जागी निकामी होऊन पडली. वाळवी लागलेल्या दप्तरात काही पाने गायब असतात आणि काहींवर नुसती अक्षरांची नक्षी उरते, तसे.

असे का झाले असावे? जो जिवाणू कायम दुसऱ्याच्या पेशीत राहतो, त्याला बरेच काही आयते मिळते. अन्न, ऊब, निवारा सगळे यजमान पुरवतो. जीवशास्त्रात ज्याच्या शरीरात परजीवी राहतो त्याला यजमान म्हणतात. आयते मिळणारी गोष्ट बनवणारे जनुक बिघडले, तरी जिवाणू मरत नाही. मग ती चूक दुरुस्त न होता पुढच्या पिढीत जाते. अशा चुका साचत गेल्या, की परतीचा रस्ता बंद होतो.

लोह मिळवण्याचे कौशल्यही गेले

हरवलेल्या कौशल्यांचे एक ठळक उदाहरण लोहाचे आहे. जवळपास प्रत्येक सजीवाला लोह लागते आणि ते सहजासहजी मिळत नाही. म्हणून अनेक जिवाणू लोह पकडणारे खास रेणू बाहेर सोडतात. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मातीतील जिवाणूंच्या सिडेरोफोरवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. मुळांभोवतीचे असे जिवाणू लोह ओढून घेतात आणि रोगकारक बुरशीला ते मिळू देत नाहीत, त्यामुळे शेतीतही त्यांचा उपयोग होऊ शकतो.

क्षयरोगाच्या जिवाणूकडे असा रेणू बनवणारा जनुकांचा पूर्ण गट आहे. कुष्ठरोगाच्या जिवाणूतून तो गटच नाहीसा झाला आहे. ऊर्जा मिळवण्याचे, विशेषतः प्राणवायू कमी असताना तग धरण्याचे अनेक मार्गही बंद झाले आहेत. प्रयोगशाळेतील बशीत कितीही पौष्टिक अन्न ठेवले तरी हा जिवाणू का वाढत नाही आणि दोन आठवड्यांत एकदाच का दुभंगतो, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

या संथपणाची किंमत रुग्ण मोजतो. संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे आणि काहींमध्ये वीस वर्षेही लागू शकतात. आज चट्टा दिसला तर संसर्ग कधी, कुठे, कोणाकडून झाला हे बहुतेकांना सांगता येत नाही. शिरपूर किंवा चोपडा, यावल, रावेर भागातील सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात. एवढ्या वर्षांत त्यांची किती गावे झालेली असतात! रुग्णाच्या सहवासातील माणसे शोधायची म्हटली, तर यादी गावाबाहेरही जाते.

क्षयरोगाचे औषध कुष्ठरोगावर का चालत नाही?

क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड हे महत्त्वाचे औषध आहे. दोन्ही जिवाणू जवळचे असूनही ते कुष्ठरोगावर उपयोगी पडत नाही. कारण ही गोळी शरीरात जाते तेव्हा निष्क्रिय असते. तिचे मारक रूप बनते ते जिवाणूच्याच एका विकरामुळे, ‘कॅटजी’ नावाच्या जनुकातून तयार होणाऱ्या. क्षयरोगाच्या जिवाणूत हे जनुक चालू असते. कुष्ठरोगाच्या जिवाणूत ते छद्मजनुक होऊन पडले आहे. मोडक्या जनुकाने या जिवाणूला नकळत ढाल दिली.

रिफाम्पिसिन मात्र दोन्ही आजारांत चालते, कारण ते ज्या प्रथिनावर घाव घालते ते जगण्यासाठी अत्यावश्यक असल्याने दोघांनीही जपले आहे. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे वापरली जातात. असांसर्गिक प्रकारात उपचार सहा महिने चालतो, सांसर्गिक प्रकारात बारा महिने. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच बहुतांश जिवाणू मरतात आणि रुग्णाकडून संसर्ग पसरण्याचा धोका जवळजवळ संपतो. औषध सुरू झालेल्या माणसाला घराबाहेर ठेवण्याला, त्याचे ताट वेगळे करण्याला वैद्यकीय आधार नाही.

मज्जातंतूच का?

कुष्ठरोगाचा जिवाणू बाह्य मज्जातंतूंमध्ये शिरतो. त्याच्या आवरणावरील एक विशिष्ट मेदयुक्त रेणू मज्जातंतूंभोवतीच्या श्वॉन पेशींच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतो. या पेशी मज्जातंतूवर वेष्टण घालतात आणि त्याची निगा राखतात. जिवाणूला तिथे सुरक्षित घर मिळते. कान, नाक, हातपाय अशा शरीराच्या थंड भागांत तो अधिक वाढतो. कोपराजवळ आणि गुडघ्याजवळ त्वचेलगत असलेले मज्जातंतू म्हणूनच आधी जाड होतात.

मज्जातंतू निकामी झाला, की स्पर्श, ताप आणि वेदना कळेनाशी होते. भाकरी थापताना तव्याचा चटका बसतो आणि फोड दिसेपर्यंत कळत नाही. शेतात पायात काटा मोडतो, जखम चिघळते, तरी माणूस चालत राहतो. बोटे झडतात असा समज आहे, पण जिवाणू बोटे खात नाही. दुखणे न कळल्यामुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा आणि जंतुसंसर्ग बोटांची हानी करतात. म्हणूनच मऊ तळाची एमसीआर चप्पल, रोज पाय भिजवून तेल लावणे आणि डोळ्यांची काळजी हा उपचाराचाच भाग मानला जातो.

मेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. उपचाराने जिवाणू मरतो, आजार बरा होतो, पण आधी झालेली हानी राहू शकते. चट्टा पहिल्या वर्षी दाखवला की पाचव्या वर्षी, यावर त्या माणसाचा हात पुढे कापूस वेचू शकेल की नाही हे ठरते.

जिवाणू तोच, मग आजार वेगवेगळा का?

एका रुग्णाला एक-दोन चट्टे येतात आणि तिथेच थांबतात. दुसऱ्याच्या अंगभर चट्टे, गाठी, कानाच्या पाळ्या जाड. जिवाणूचे दोन वाण असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. जनुकसंचाने हा तर्क खोडून काढला. भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका येथील वाणांची २००९ मध्ये तुलना झाली, तेव्हा ते ९९.९९५ टक्के एकसारखे निघाले. म्हणजे साधारण २० हजार अक्षरांमागे एक फरक.

त्यामुळे फरक यजमानात शोधावा लागतो. ज्याची प्रतिकारशक्ती जिवाणूला घेरून ठेवते, त्याला मोजके चट्टे येतात. ज्याच्या पेशी या जिवाणूला ओळखून मारत नाहीत, त्याच्यात तो पसरतो. मुळात १०० पैकी सुमारे ९५ जणांना संसर्ग झाला तरी आजार होतच नाही. माणसांच्या जनुकांच्या अभ्यासात, जिवाणूची चाहूल लागताच पेशीला सावध करणाऱ्या काही जनुकांमधील फरकांचा कुष्ठरोगाच्या शक्यतेशी संबंध आढळला आहे. याचा अर्थ आजार आनुवंशिक आहे असा नाही. जिवाणूशिवाय तो होत नाही आणि आईबापांकडून जन्मतः येत नाही. त्वचेवर पांढरेशुभ्र कोड असणे ही तर पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ते जिवाणूमुळे होत नाही, पसरत नाही आणि त्यात बधिरता येत नाही.

नकलेतील चुकांवरून वंशावळ कशी कळते?

धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आणि राजवाडे संशोधन मंडळ या दोन ठिकाणी जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. हस्तलिखितांचे अभ्यासक एक युक्ती वापरतात. दोन बाडांत तीच ओळ गळालेली आणि तोच शब्द तसाच चुकलेला आढळला, तर दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरवलेली असावीत. चुका जुळवत गेले, की कोणती प्रत कोणाची लेक आणि कोणाची नात हे मांडता येते.

जिवाणूचा डीएनए दुप्पट होतो तेव्हाही क्वचित नकलेत चूक होते आणि ती पुढे उतरते. जगभरच्या नमुन्यांतील अशा चुका जुळवून २००५ मध्ये संशोधकांनी कुष्ठरोगाच्या जिवाणूचे चार मुख्य गट पाडले. भारत आणि दक्षिण आशियात प्रामुख्याने पहिला गट आढळतो. चौथा गट पश्चिम आफ्रिकेत आणि अटलांटिकपलीकडे कॅरिबियन बेटे व ब्राझीलमध्ये आढळतो. गुलामांच्या व्यापाराचा मार्ग तिथे जिवाणूच्या अक्षरांत उमटला आहे. सर्व गट एकाच मूळ वाणातून आले असून तो पूर्व आफ्रिका किंवा पश्चिम आशियाच्या परिसरातून माणसांबरोबर पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला.

भारतात हा आजार किती जुना आहे याचा पुरावा हाडांतही आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल येथे सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग होता.

वंशावळीचा उपयोग इतिहासापुरता नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात परदेशी न गेलेल्या, कुष्ठरुग्णाच्या सहवासातही न आलेल्या लोकांना हा आजार होत असे. २०११ मध्ये त्यांच्यातील आणि तिथल्या रानटी आर्माडिलोंमधील जिवाणूंचा वाण एकच निघाला. पुढे ब्रिटनमधील लाल खारी आणि पश्चिम आफ्रिकेतील रानटी चिंपांझी यांच्यातही हा जिवाणू सापडला. भारतात मात्र माणसाकडून माणसाला, दीर्घ आणि निकटच्या सहवासातून होणारा प्रसार हाच मुख्य मार्ग मानला जातो.

मध्ययुगीन सांगाड्यांनी काय शिकवले?

मध्ययुगात युरोपात कुष्ठरोग सर्रास होता. सोळाव्या शतकापर्यंत तो बहुतेक भागांतून ओसरला, तेही कोणतेही औषध नसताना. जिवाणू सौम्य झाला असावा, असा एक अंदाज होता. २०१३ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि ब्रिटनमधील मध्ययुगीन सांगाड्यांतून या जिवाणूचे जनुकसंच वाचण्यात आले. त्याच्या मेणचट आवरणामुळे डीएनए शेकडो वर्षे चांगला टिकला होता. ते जनुकसंच आजच्या वाणांशी विलक्षण मिळतेजुळते निघाले. जिवाणू फारसा बदललेला नाही. बदलली असेल तर माणसाची प्रतिकारशक्ती किंवा माणसाचे राहणीमान.

औषधाला दाद न देणारा जिवाणू ओळखता येतो का?

डॅप्सोन हे कुष्ठरोगाचे पहिले प्रभावी औषध १९४० च्या दशकात आले. अनेक वर्षे ते एकटेच दिले गेले आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जिवाणू असल्याचे सिद्ध झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधोपचाराची शिफारस केली ती यामुळेच. भारतात २००५ अखेर कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून दूर झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ राष्ट्रीय पातळीवर १० हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. आजही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात आढळतात, वर्षाला साधारण लाखभर.

एकत्रित औषधांना होणारा प्रतिकार अजून कमी आहे, पण त्यावर लक्ष ठेवावे लागते. इथे जनुकीय क्रम थेट उपयोगी पडतो. रिफाम्पिसिनचा प्रतिकार ‘आरपीओबी’ या जनुकाच्या एका छोट्या भागातील बदलांमुळे येतो. डॅप्सोनसाठी आणि पर्यायी औषधांसाठीही अशी ठरावीक जनुके माहीत झाली आहेत. उपचारानंतर आजार उलटलेल्या रुग्णाच्या त्वचेच्या नमुन्यातून तेवढेच भाग वाचले, की उंदराच्या प्रयोगाला लागणारे महिने वाचून उत्तर काही दिवसांत मिळते. जनुकसंचात ३७ वेळा पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडाही सापडला. एकच जनुक शोधण्यापेक्षा ३७ ठिकाणी असलेला तुकडा शोधणे सोपे, म्हणून जिवाणू मोजके असतानाही तो ओळखणाऱ्या पीसीआर चाचण्या त्यावर बेतल्या आहेत.

खानदेशासाठी यातून काय निघते?

या तंत्राची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. जगभरचे वाण एवढे एकसारखे आहेत, की एका गावात कोणाकडून कोणाला संसर्ग झाला हे अक्षरांतील मोजक्या फरकांवरून ठामपणे सांगणे कठीण असते. निरोगी दिसणाऱ्यांपैकी पुढे कोण आजारी पडेल हे आधी सांगणारी साधी, खात्रीची चाचणीही अद्याप हाती नाही. निदान आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि स्पर्शानेच होते. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा बॉलपेनचे टोक हलकेच टेकवतात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात.

रुग्ण सापडल्यावर त्याच्या घरच्यांना आणि निकट सहवासितांना तपासून रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. बांगलादेशातील मोठ्या अभ्यासात या एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत आजाराची शक्यता ५७ टक्क्यांनी कमी झाली होती. पण त्यासाठी रुग्णाने आपल्या सहवासातील माणसांची नावे सांगायला हवीत, आणि नेमके तिथेच घोडे अडते. लग्न मोडेल, काम सुटेल, गावात कळेल ही भीती चट्टा सदऱ्याखाली लपवायला लावते. कायदा आता रुग्णाच्या बाजूने बराच सरकला आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वगळण्यात आले. दरवर्षी ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, ‘स्पर्श’ अभियानात ग्रामसभेत याची माहिती दिली जाते.

जनुकसंचाने दाखवलेला हा जिवाणू स्वतःच्या बळावर जगू शकत नाही. मातीत, बशीत त्याची वाढ होत नाही. त्याला यजमानाची जिवंत पेशी लागते आणि माणसाकडून माणसाकडे जायला वेळ लागतो, अगदी वर्षानुवर्षे. तेवढ्या वेळात चट्टा दाखवला गेला आणि गोळ्या सुरू झाल्या, तर त्याची वाट तिथेच बंद होते. बधिर चट्टा असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तो दाखवता येतो. जिल्हा पातळीवर सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांचे कार्यालय असते. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.